गुलमोहर, उंबर आणि पाच आसुपालव: आमच्या सोसायटीतल्या झाडांच्या प्रकल्प नोंदी

रविवार, ९ जून २०२४

काल रात्री साडेनऊच्या सुमाराला गुलमोहराची पूर्वेकडची मोठी फांदी पडली. खाली दोन स्कूटर आणि एक सायकल होती. माणूस कुणी नव्हतं. पाचच मिनिटं आधी दुसऱ्या मजल्यावरची दोन मुलं तिथं भिजत उभी होती, असं त्यांच्या आईनं सांगितलं तेव्हा मला जिन्यात बसावं लागलं. अग्निशमन दलाचे लोक आले, फांदी तोडून वाट मोकळी केली आणि गेले. पुण्यात काल रात्री त्यांना श्वास घ्यायलाही फुरसत नसणार.

आज सकाळी पार्किंगमध्येच सगळे जमले. मागणी एकच, सगळी झाडं काढून टाका. गुलमोहर पडतो म्हणून, उंबरामुळे ड्रेनेज तुंबतं म्हणून, आणि तळमजल्याच्या खिडक्यांसमोरचे पाच आसुपालव अंधार करतात आणि एका गाडीची जागा खातात म्हणून. अकरा वाजता एक झाडंवाला आलाही. अठरा हजारांत सातही झाडं, येत्या रविवारीच. परवानगीचं काय, विचारलं तर म्हणाला, "मॅडम, रविवारी तोडलं की कोण विचारतंय."

मी सेक्रेटरी होऊन दोन महिने झालेत. सगळ्यांसमोर सांगितलं की मला पंधरा दिवस द्या, सगळं नीट विचारून येते, तोपर्यंत गुलमोहराखाली गाड्या लावू नका. सुतळी बांधून तेवढा भाग बंद केला. ही वही आजपासून सुरू करते. पुढं कुणी विचारलं की काय केलं, केव्हा केलं, तर तोंडी उत्तर नको.

मंगळवार, ११ जून

कायदा वाचला. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. आणीबाणीच्या वर्षातला कायदा आहे आणि अजून त्याच्यावरच सगळं चालतं. समजलं ते माझ्या शब्दांत उतरवते.

झाड आमच्या जागेत असलं तरी ते तोडायचा अधिकार आपोआप आमचा नाही. कलम ८ प्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करायचा. त्यानं झाड येऊन पाहायचं, झाडावर नोटीस लावायची, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, कुणाची हरकत असेल तर ती ऐकायची आणि मग ठरवायचं. अर्जापासून साठ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. मंजुरी मिळाली तरी पंधरा दिवस झाडाला हात लावायचा नाही. हे पंधरा दिवस हरकत घेणाऱ्याला दाद मागता यावी म्हणून आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईत आरेमध्ये दोन रात्रींत दोन हजारांहून जास्त झाडं गेली, सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत. त्या वेळच्या वादात हाच पंधरा दिवसांचा मुद्दा होता. तेव्हा बातम्या वाचल्या होत्या, पण कलम मात्र आज पहिल्यांदा वाचलं.

झाड मेलेलं, रोगट किंवा वाऱ्यानं पडलेलं असेल, किंवा जिवाला-मालमत्तेला धोका असेल, तर परवानगी नाकारायची नाही असंही त्यात आहे. म्हणजे कायदा अडवणूक करायला बसलेला नाही. धोका आहे हे मात्र दाखवावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'झाड तोडणे' याच्या व्याख्येत जाळणं येतं, कापणं येतं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. मूळ कायद्यात यासाठी दंडाबरोबर एक आठवड्यापासून एक वर्षापर्यंत कैद आहे. "मुळाशी हिंग भरा, आपोआप वाळेल" असं परवा पार्किंगमध्ये जे म्हणत होते, त्यांना हे वाचून दाखवणार आहे.

२०२१ च्या दुरुस्तीनं आणखी दोन गोष्टी आल्या. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड 'प्राचीन वृक्ष' धरलं जातं. आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. सहा ते आठ फूट उंचीची रोपं, जिओ-टॅग करून, सात वर्षं जगवायची.

सात वर्षं. मी तेव्हा पासष्टीला आले असेन.

रविवार, १६ जून

आज सगळी झाडं मोजली. शिवणकामाची टेप पुरेना, म्हणून सुतळी गुंडाळून मग सुतळी मोजली. तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा मदतीला होता.

गुलमोहर: छातीच्या उंचीला घेर २१० सेंटिमीटर. इमारत ८५ साली पुरी झाली, गुलमोहर पुढच्या पावसाळ्यात लावला. जुन्या सभासदांपैकी तिघांना ते आठवतं, म्हणजे वय ३८. पार्किंगकडे झुकलेला. बुंध्याच्या पश्चिमेला जमिनीलगत तपकिरी, ताटलीएवढी कडक अळंबी. पडलेल्या फांदीची जागा नीट पाहिली. फांदी मूळ खोडातून फुटलेलीच नव्हती. २०१६ मध्ये आम्ही गुलमोहराचा शेंडा उडवला होता, त्या कापाच्या कडेनं फुटलेल्या धुमाऱ्याची आठ वर्षांत मांडीएवढी फांदी झाली होती. असे धुमारे वरवरच्या थरातून फुटतात, जुन्या फांदीसारखे आत रुतलेले नसतात. वजन वाढतं आणि पहिल्या वाऱ्याला सालीसकट निघून येतात. तसंच झालं.

बुंध्याला लागून पेव्हर ब्लॉक आहेत. एक बोटसुद्धा माती मोकळी नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी आदेश दिला होता की बुंध्याभोवती मीटरभर काँक्रीट नको. आम्ही पेव्हर बसवले ते त्यानंतर तीन वर्षांनी. त्या वर्षी खजिनदार मी होते. कंत्राटदारानं पाया सपाट करायला दोन जाड मुळं तोडली, हे मी गॅलरीतून पाहिलं होतं. बिलावर सही माझी आहे. आज त्या बाजूचे ब्लॉक उचकटले तर खाली मुळाचा कुजलेला ठोकळा, बोटानं भुसा निघतो.

हे लिहून ठेवणं मला जरूर वाटतं. अर्जात 'धोकादायक झाड' असं लिहायचं आहे. ते धोकादायक कुणी केलं, हे निदान या वहीत तरी असावं.

उंबर: घेर ३४० सेंटिमीटर, तीन खोडं एकत्र वाढलेली. सोसायटीच्या आधी इथं मळा होता, विहीर होती. विहीर बुजवली, काठचा उंबर राहिला. खाली दत्ताच्या पादुका आहेत, गुरुवारी चार-सहा जण येतात. वय पन्नासच्या वर असणार यात शंका नाही. झाड ठणठणीत. तक्रार फक्त ड्रेनेजची.

आसुपालव: पाच. सरळसोट, निरोगी. धोका शून्य.

शनिवार, २२ जून

सकाळी पाण्याची टाकी बघायला खाली गेले तेव्हा आसुपालवांपैकी दोघांच्या बुंध्याला ड्रिलनं पाडलेली भोकं दिसली. एकाला चार, एकाला तीन. आत निळसर ओल. माळीकाका म्हणाले, "मोरचूद आहे ताई."

दोन रात्रींपूर्वी ड्रिलचा आवाज आला होता, असं दोघांनी सांगितलं. कुणाला वाटलं फर्निचरचं काम चाललंय. कुणी केलं ते मला ठाऊक नाही आणि अंदाजानं कुणाचं नाव या वहीत लिहिणार नाही. पण रागानं हात थरथरत होते. चाळीस घरांच्या दारासमोर उभं असलेलं झाड, ज्याचं आपल्याला एवढंच वावडं की सावली पडते, त्याला रात्री गुपचूप विष पाजायचं?

भोकं पिचकारीनं पुन्हा पुन्हा धुतली. माळीकाकांनी आळं मोठं करून भरपूर पाणी सोडलं. उपयोग होईल का ते ठाऊक नाही. फोटो काढले, तारीख-वेळेसह. नोटीस बोर्डावर कायद्यातली 'इजा' ही व्याख्या मोठ्या अक्षरांत लावली.

सोमवार, २४ जून

क्षेत्रीय कार्यालयात उद्यान विभागात गेले. मोरचुदाबद्दल लेखी कळवलं, फोटो जोडले, पोच घेतली. तिथल्या बाईंनी कागद वाचून एवढंच विचारलं, "सभासदच ना?" मान हलवली. म्हणाल्या, अशी पत्रं येतात, पण सोसायटीनं स्वतः आणून दिलेलं क्वचित.

अर्जाला काय लागतं ते विचारून घेतलं: विहित नमुन्यातला अर्ज, मिळकतपत्रिकेची प्रत, चालू मिळकतकराची पावती, सर्वसाधारण सभेचा ठराव, प्रत्येक झाडाचे फोटो आणि झाडांची जागा दाखवणारा साधा नकाशा. सगळ्यांत मोठी अडचण ठरावाची. सेक्रेटरी आणि चेअरमन यांच्या सह्यांनी भागत नाही. जागा सोसायटीच्या नावावर आहे, म्हणजे झाडही सगळ्यांचं.

फॉर्मवर एक रकाना आहे, 'वृक्षतोडीचे कारण'. जागा एका ओळीची. घरी येऊन सातही झाडांसाठी ती ओळ लिहून पाहिली. गुलमोहराची लिहिता आली. उंबरासाठी लिहिलं, 'ड्रेनेज तुंबते', आणि थांबले. तुंबतं ते उंबरामुळे की पाइपमुळे, हे आम्ही कधी उघडून बघितलंच नाही. आसुपालवांसाठी 'गाडी लावण्यासाठी' असं लिहिलं आणि खोडलं.

रविवार, ३० जून

विशेष सर्वसाधारण सभा. चाळीसपैकी एकतीस हजर, पावसात. मी भाषण केलं नाही. रिकामा फॉर्म सगळ्यांना वाटला आणि म्हटलं, प्रत्येकानं सातही झाडांचं कारण स्वतः भरा.

गुलमोहरावर एकमत झालं. उंबरावर दत्तभक्त आणि ड्रेनेजनं गांजलेले असे दोन तट पडले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या न्हाणीघरात वर्षातून चारदा उलटं पाणी येतं, त्यांचा संताप खरा आहे. त्या म्हणाल्या, "देवाचं झाड म्हणून मी घाणीत उभी राहू का?" कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी ठरलं की आधी चेंबर आणि पाइप उघडायचे, पावसाळा संपल्यावर. दोष पाइपचा निघाला तर पाइप बदलायचा आणि खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. काकूंना मी शब्द दिला की दिवाळीच्या आत हे होईल.

आसुपालवांचा विषय आला तेव्हा मी भोकांचे फोटो फिरवले. हॉलमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तळमजल्यावरचे काका, ज्यांना ती गाडीची जागा हवी होती, तेच उठून म्हणाले, "आसुपालव अर्जातून काढा. पण हे मी केलेलं नाही, तेवढं लिहून घ्या." लिहून घेतलं.

ठराव: अर्ज फक्त गुलमोहराच्या तोडीसाठी. सोबत उंबराच्या दोन सुक्या फांद्यांच्या छाटणीसाठी. छाटणीलाही परवानगी लागते, हे पुष्कळांना नवीन होतं.

बुधवार, ३ जुलै

अर्ज दिला, पोच मिळाली. साठ दिवस मोजले तर १ सप्टेंबर.

गुरुवार, १८ जुलै

पाहणी झाली. उद्यान निरीक्षक आले, बरोबर एक मदतनीस. अर्धा तास लागेल असं वाटलं होतं, पावणेदोन तास झाले. त्यातून मी जे शिकले ते सगळं लिहून ठेवते, कारण कुणालाही उपयोगी पडेल.

झाड झुकलेलं असणं हा धोका नव्हे, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. कित्येक झाडं लहानपणापासून उजेडाकडे कलतात, मग शेंडा परत सरळ होतो आणि मुळंही त्या हिशोबानं धरून राहतात. पाहायचं असतं ते झुकाव नवा आहे का. झुकावाच्या उलट बाजूची जमीन फुगलीय का, तिथं भेगा पडल्यात का, मुळं ताणून वर आलीत का. आमच्या गुलमोहराच्या पश्चिमेला, जिथं मी पेव्हर उचकटले होते, तिथं जमिनीत बोट जाईल एवढी अर्धगोल भेग होती. मी ती पाहिली होती, पण पावसानं माती बसली असेल असं वाटलं होतं.

मग त्यांनी लाकडी हातोडीनं बुंधा ठोकत गोल फेरी मारली. पूर्वेला टणक आवाज, पश्चिमेला घागरीसारखा. अळंबीच्या वरच्या चिरेतून लोखंडी सळई आत सारली, चाळीस सेंटिमीटर सहज गेली. म्हणाले, अळंबी बाहेर दिसते तेव्हा आतलं लाकूड कधीच खाऊन झालेलं असतं. नुसत्या फांद्या कमी करून हे झाड वाचवता येईल का, मी विचारलं. मुळांची धरच गेली असेल तर वरचं वजन कमी करून किती दिवस, असं त्यांनीच उलट विचारलं. २०१६ सालचा शेंड्याचा काप बघून त्यांनी मान हलवली. "हे मुंडण केलं नसतं ना, तर झाड अजून उभं राहिलं असतं."

उंबराचा घेर त्यांनी स्वतः मोजला आणि नोंदीत 'प्राचीन वृक्ष' असं लिहिलं. सुक्या फांद्या काढायला हरकत नाही म्हणाले, पण हिरव्या फांदीला कोयता लागता कामा नये.

आसुपालवांची भोकंही पाहिली. एकाच्या पानांच्या कडा करपायला लागल्या आहेत.

सोमवार, २९ जुलै

गुलमोहरावर नोटीस लागली, वर्तमानपत्रातही जाहीर सूचना आली. संध्याकाळी शेजारच्या इमारतीतली एक मुलगी वर आली. बावीस-तेवीसची असेल, हातात दुर्बीण. म्हणाली, "मी हरकत घेणार आहे, आधी तुम्हाला सांगायला आले." गुलमोहराच्या सुक्या फांदीत तांबटाचं घरटं आहे, मार्चपासून ती बघतेय.

मला फार बरं वाटलं. चहा दिला, तिला खाली नेलं, भेग दाखवली, ठोकून आवाज ऐकवला. ती बराच वेळ भेगेकडे बघत राहिली. मग आम्ही दोघींनी मिळून हरकतीचं पत्र लिहिलं. झाड वाचवा असं त्यात नव्हतं. घरटं रिकामं असल्याची खात्री केल्याशिवाय तोड करू नये आणि खात्रीच्या वेळी ती हजर असावी, एवढीच मागणी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंही शिकारीत मोडतं. हे तिनं मला सांगितलं, मला माहीत नव्हतं. तांबट वाळक्या, मऊ लाकडातच चोचीनं बीळ कोरतो. आपण ज्याला 'मेलेली फांदी' म्हणतो ते त्याचं घर असतं.

मंगळवार, २७ ऑगस्ट

परवानगी आली, पंचावन्नाव्या दिवशी. गुलमोहर तोडायला मंजुरी, उंबराच्या सुक्या फांद्यांना मंजुरी. अटी: ३८ रोपं लावायची, अनामत भरायची, रोपांचे जिओ-टॅग फोटो द्यायचे, तोडीआधी घरटं तपासायचं. शेवटची अट त्या मुलीच्या पत्रामुळे.

पंधरा दिवस म्हणजे ११ सप्टेंबरपर्यंत हात लावायचा नाही. आणि ७ तारखेला गणपती.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

दोन दिवस नुसती भांडणं. दरवर्षी मांडव गुलमोहराखाली असतो. उत्सव समितीचं म्हणणं, परवानगी हातात आहे, आज तोडून टाका, उद्या मूर्ती येतेय. मी म्हटलं, परवानगी हातात आहे पण मुदत नाही. एक जण म्हणाला, "पाच दिवसांनी काय फरक पडतो?" काही पडत नसेल तर पाच दिवस थांबू, मी म्हटलं.

शेवटी मांडव उंबराकडे हलवला. पादुकांशेजारी गणपती. आरतीला जागा अपुरी पडते, पण बाकी काही बिघडलं नाही. सुतळीच्या आत कुणी जात नाही ना, हे बघायला मुलांची पाळी लावली आहे.

रविवार, २२ सप्टेंबर

आज गुलमोहर काढला. सकाळी सात ते दुपारी तीन.

आधी ती मुलगी आणि दोरावर चढणारा तरुण, दोघांनी मिळून बीळ तपासलं. त्यानं वर जाऊन मोबाइलचा कॅमेरा आत धरला. रिकामं. जुन्या घरट्याचा भुसा आणि दोन पिसं. ती फांदी आधी, अखंड, दोरानं खाली सोडली.

वीज कंपनीला आठ दिवस आधी पत्र दिलं होतं. रस्त्याकडच्या तारा दोन तास बंद ठेवल्या. या खेपेला माणसं निवडताना दर पाहिला नाही, पद्धत विचारली. मोठी फांदी तोडायची तर आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून तिसरा हिस्सा काप, मग थोडं बाहेर वरून काप, म्हणजे फांदी साल सोलत खाली येत नाही, आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मानेशी, जिथं ती खोडाला मिळताना किंचित फुगलेली असते, त्या फुगवट्याबाहेर. हे काप जिवंत राहणाऱ्या झाडासाठी. गुलमोहराला आता त्याची गरज नव्हती. पण उंबराच्या दोन सुक्या फांद्या त्यांनी अशाच काढल्या, आणि वर डांबर-रंग काही फासलं नाही. काप नीट जागी असला की झाड स्वतः कडेनं साल चढवतं.

गुलमोहर वरून खाली, तुकड्यातुकड्यानं उतरवला. बुंधा कापला तेव्हा सगळे जवळ आले. आतून पश्चिमेकडचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ, काळा भुसा, मुंग्या. उरलेल्या अर्ध्या कड्यावर तीस-चाळीस फुटांचं झाड उभं होतं. ज्या आईची मुलं जूनमध्ये खाली भिजत होती, त्या तिथं हात लावून उभ्या राहिल्या आणि रडल्या. मलाही रडू आलं, पण दुसऱ्या कारणानं. ती पोकळी जिथं सुरू होत होती, तिथूनच ती दोन जाड मुळं निघत होती, जी आम्ही पेव्हरसाठी तोडली.

तांबटाच्या बिळाची फांदी शेजारच्या मुलीनं मागितली. तारेनं उंबराला बांधणार म्हणाली. मी म्हटलं तारेनं नको, जाड कापडी पट्ट्यानं, नाहीतर साल कापली जाईल.

रविवार, ६ ऑक्टोबर

३८ पैकी सहा रोपं सोसायटीत बसली, त्याहून जास्त बसत नाहीत. गुलमोहराच्या जागी लगेच काही लावलं नाही, कुजलेली मुळं आणि बुरशी मातीत आहे. दक्षिणेच्या कुंपणाला दोन बहावे, दोन ताम्हण, एक बकुळ, एक करंज. खड्डे तीन बाय तीन फूट, मुरूम बाजूला काढून तांबडी माती, शेणखत, थोडी निंबोळी पेंड. प्रत्येक आळं मीटरभर मोकळं, पेव्हर त्याच्या बाहेर. कुंपणाकडच्या पेव्हरची एक रांग त्यासाठी कायमची काढून टाकली.

बाकी ३२ जवळच्या शाळेच्या मैदानाकडेला आणि उद्यान विभागानं दाखवलेल्या जागेत. शाळेत कडुनिंब आणि कदंब. प्रत्येक रोपाचा फोटो, ठिकाणासह, आणि एका वहीत क्रमांक. पहिलं पाणी कुणी घातलं त्यांची नावं मुलांनी स्वतः लिहिली.

शनिवार, १९ ऑक्टोबर

उंबराजवळची ड्रेनेज लाइन उघडली. काकूंना दिलेला दिवाळीचा शब्द होता.

सहा इंची चिनीमातीचा पाइप, ८५ सालचा. सांधे सिमेंट-वाळूचे, प्रत्येक सांध्याला चीर. एकातून केसांच्या बुचड्यासारखा मुळांचा झुबका आत उतरलेला, दीड हात लांब. प्लंबरनं दाखवलं की पाइप मुळानं फोडलेला नाही. सांधा आधी गळत होता, गळणाऱ्या पाण्याचा माग काढत मूळ तिथं आलं. शिवाय मधल्या चेंबरपर्यंत उतारच राहिलेला नाही, जमीन बसली आहे. उंबर काढला असता तरी काकूंच्या न्हाणीघरात पाणी आलंच असतं.

नवी पीव्हीसी लाइन, रबर रिंगचे सांधे, उंबरापासून अडीच मीटर लांबून वळवून. जुना पाइप उकरून काढला नाही, दोन्ही टोकं बंद केली, म्हणजे मुळं तुटायला नकोत. चर खणताना अंगठ्याहून जाड मूळ लागलं की फावडं थांबवून हातानं माती काढायची आणि पाइप त्याच्या खालून घ्यायचा, असं ठरवून दिलं. असं दोनदा झालं. खर्च ६२ हजार, चाळीस घरांत वाटून. कुणी कुरकुर केली नाही असं नाही, पण पैसे सगळ्यांनी भरले.

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

मोरचूद पाजलेल्या दोन आसुपालवांपैकी एक मेला. नखानं साल खरवडली, खाली हिरवं काहीच नाही. दुसऱ्याला खालच्या अंगाला नवी तांबूस पालवी आली आहे, तो जगेल असं माळीकाका म्हणतात.

मेलेलं झाड काढायलाही अर्ज लागतो. नाकारणार नाहीत, पण नोंद झाली पाहिजे, नाहीतर विष घालून वाळवायचं आणि मग 'वाळलं होतं' म्हणायचं, ही वाट सगळ्यांना मोकळी होईल. अर्ज दिला, सोबत जूनमधल्या पत्राची पोच जोडली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'अज्ञात व्यक्तीने विषप्रयोग केल्यामुळे मृत.' ओळ पुरली.

काकूंकडे चार महिन्यांत एकदाही पाणी उलटलं नाही. संक्रांतीला त्यांनी उंबराच्या पादुकांवर हळदकुंकू वाहिलं, ते मी गॅलरीतून पाहिलं. विचारलं नाही.

रविवार, १ जून २०२५

पाऊस यंदा मे अखेरीसच आला. त्याआधीचा उन्हाळा रोपांना जड गेला. मोजणी: सोसायटीतली सहाही जिवंत, मोठा बहावा खांद्याच्या वर दोन वीत. शाळेतली चौदापैकी बारा. दाखवलेल्या जागेतली अठरापैकी तेरा. म्हणजे सात गेली. एप्रिलच्या सुटीत शाळा बंद होती आणि टँकर ठरवायचं माझ्या लक्षात आठ दिवस उशिरा आलं. सात नवी रोपं याच महिन्यात लावायची, त्यांना नवे क्रमांक, जुने क्रमांक वहीत तसेच ठेवायचे. पुढच्या वर्षी टँकरची तारीख १५ मार्चला पक्की करायची आणि शाळेच्या शिपायांच्या घरी आधी जाऊन सांगायचं.

मेलेला आसुपालव एप्रिलमध्ये परवानगीनं काढला. जागा रिकामी आहे, तिथं गाडी लावायची कुणी विचारलं नाही. तळमजल्यावरच्या काकांनी सोनचाफा आणून ठेवलाय, कुंडीतून बाहेर काढायचा बाकी आहे. पुढच्या रविवारी.